सोन्ने, सोन्ने, एरडु

वनजाक्का,

गुरुवारी तुमच्या घरी आले तेव्हा माझा हात पुन्हा तोंडावर गेला. रडू आवरायला म्हणून नाही. हॉलमध्ये इतकी माणसं होती, कॉलेजातले मोठे मोठे डॉक्टर, गल्लीतले लोक, आणि सगळे माझ्याच तोंडाकडे बघतायत असं वाटलं. तुम्ही मधोमध निजलेल्या. मी खरंच वाट बघत उभी राहिले, की आता आवाज येईल, "सुरेखा, हात खाली." नाही आला. मग कुणीतरी पाणी मागितलं म्हणून आत गेले. तुमच्या स्वयंपाकघरात पिण्याचं पाणी कुठल्या हंड्यात असतं, ते त्या गर्दीत मला एकटीलाच माहीत होतं.

तुमच्याबद्दल चार शब्द लिही, असं आपल्या दवाखान्यातल्या अश्विनी डॉक्टर म्हणाल्या. मी म्हटलं, मी सातवी शिकलेली बाई, मला काय जमणार. त्या म्हणाल्या, अक्कांना सांगतेस तसं सांग. तुमच्या पदव्या, कॉलेजातली वर्षं, ते लिहायला दुसरे आहेत. मला जे माहीत आहे ते दुसऱ्या कुणाला माहीत नाही, एवढ्या धीरावर लिहिते आहे. चुकलं तर, तुम्ही म्हणायच्यात तसं, खोडरबर आहेच.

पाच वर्षांपूर्वी नवऱ्याच्या कारखान्यानं त्याला म्हैसूरला पाठवलं आणि मी सांगोल्याकडून उचलून इथे येऊन पडले. भाषा येत नाही, ओळख नाही, दिवसभर दाराची कडी लावलीय का ते बघायचं काम. शेजारीण म्हणाली, मंडी मोहल्ल्यात एक दाताच्या डॉक्टरीण आहेत, रंगाऱ्यांच्या घरातल्या, मराठी बोलतात, त्यांना झाडपुशीला बाई हवी आहे. मी आले. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "नाव काय गं?"

मी तोंडावर हात धरून सांगितलं.

"हात काढून सांग. दाताच्या डॉक्टरपासून दात लपवतेस? सोनार बघितला की बांगडी लपवतेस काय?"

हात काढला. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. वरचा पुढचा डावा दात, तिरका अर्धा उडालेला.

"कुठं आपटलीस?"

"आपटले नाही. हापशाचा दांडा बसला. अकरा वर्षांची होते."

"हापसा म्हंजे?"

मी झाडू खाली ठेवून हापसून दाखवलं, वर-खाली, वर-खाली. तुम्ही इतक्या हसलात की खुर्चीतला पेशंट बोळा तोंडात घेऊन उठून बसला.

"अय्यो, बोअरवेल! त्याचे किती सापडतात मला! एकीनं दांडा सोडायचा, दुसरी वाकलेली असायची, अल्वा? मत्ते, आणखी, बाकाची कड. दुसऱ्याचं डोकं. बॅट. सायकल. देवळाच्या तळ्याच्या पायऱ्या. एक तर, खोटं नाही सांगत, बकरीनं ढुशी दिलेला." मग हात धुता धुता म्हणालात, "कुठल्याही शाळेत जा सुरेखा, वर्गात एखादं तरी असतंच. कधी दोन-तीन. कुणी मोजत नाही म्हणून दिसत नाहीत."

अक्का, तुमच्या दृष्टीनं ते रोजचं बोलणं असेल. मला त्या दिवसापर्यंत वाटायचं की असा दात अख्ख्या जगात एकट्या माझाच आहे. गावच्या शाळेत मला 'खिंडी' म्हणायचे. मराठीच्या तासाला गुरुजी धडा मोठ्यानं वाचायला उभं करायचे आणि मी पुस्तक तोंडासमोर धरून वाचायचे. गुरुजी म्हणायचे, पुस्तक खाली. वर्ग हसायचा. सातवीची परीक्षा झाली आणि आठवीत मी गेलेच नाही. घरी वाटलं, पोरीला कामाची आवड आहे. शाळा का सोडली ते मी आईला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही. तुम्हाला पहिल्याच दिवशी, उभ्या उभ्या सांगून टाकलं.

तुम्ही हळहळला नाहीत. विचारलंत, "आकडे लिहिता येतात ना?"

"येतात."

"मग मंगळवारी माझ्याबरोबर यायचं. झाडू संध्याकाळी मार."

मग मला कळलं की या बाई दर मंगळवारी दवाखाना बंद ठेवून गावोगावच्या शाळांत जातात आणि पोरांचे पुढचे दात मोजतात. वरचे चार, खालचे चार. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, तुम्ही हुणसूर रस्त्याच्या बसला लटकायचात. कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणालात, "किडलेला दात दुखतो, म्हणून आई घेऊन येते. फुटलेला दुखायचा थांबतो. मग आई म्हणते, राहू दे, लग्नाच्या वेळी बघू. पोर तोवर तोंड मिटून बसतं. किती पोरं अशी तोंड मिटून बसलीत, ते कुणीतरी लिहून काढायला नको?"

आपली पद्धत ठरलेली. पोरगं खिडकीपाशी उजेडात उभं राहणार. तुम्ही म्हणणार, "बाय तेगी," म्हणजे तोंड उघड. ओठ बोटानं वर करून तुम्ही एकेका दाताचा आकडा मोठ्यानं सांगणार. धड असेल तर शून्य. नुसता टवका उडालेला असेल तर एक. आतलं पिवळं दिसत असेल तर दोन. फुटून पार आतल्या नसेपर्यंत गेलं असेल तर तीन. मी तोच आकडा मोठ्यानं परत म्हणायचा आणि मग लिहायचा, म्हणजे ऐकण्यात चूक होत नाही. आणि आकडे कानडीत. तुमच्या घरात बोलणं मराठी, देव मराठी, भांडणं मराठी, पण मोजणी कानडी. "सोन्ने, सोन्ने, एरडु, सोन्ने." मी सोन्ने म्हणजे शून्य आणि एरडु म्हणजे दोन एवढं कानडी आधी शिकले, मग भाजीवाल्याशी बोलायला.

"अक्का, आकडे मराठीत सांगा ना, मला धाकधूक होते."

"मला मराठीत पन्नासच्या वर येतच नाहीत गं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, कुठलं आधी?"

"आपला आकडा तीनच्या वर जातच नाही अक्का."

"सुम्ने लिही, गप."

प्रत्येक फॉर्म झाला की मी विचारायचे, "चुकलं नाही ना?" तुम्ही एकदा म्हणालात, तुझं 'चुकलं नाही ना' मोबाइलमध्ये भरून ठेवते आणि कंटाळा आला की ऐकते.

आणि चूक झाली ती माझ्या लिहिण्यात नाही, आपल्या त्या पद्धतीत झाली.

येलवालच्या पुढची ती शाळा. दोन वर्षं झाली. सातवीतली रक्षिता, दोन वेण्या, ओठ घट्ट मिटलेले. तुम्ही म्हणालात, "सोन्ने, सोन्ने, एरडु, सोन्ने." मी परत म्हटलं आणि लिहिलं. माझाच दात होता तो, डावा, तसाच तिरका. मला तिच्याकडे बघवलं नाही, पुढचं नाव पुकारलं. रांगेतली पोरं हुशार. सकाळपासून ऐकत होती. सोन्ने म्हणजे पुढे जा, एरडु म्हणजे काहीतरी आहे, एवढं त्यांनी केव्हाच ताडलं होतं.

पंधरा दिवसांनी आपण त्याच शाळेत दर दहा पोरांतल्या एकाला पुन्हा तपासायला गेलो. तुमचीच शिस्त ती, की आपण आधी नीट बघितलं होतं का, ते आपणच तपासायचं. यादीत रक्षिताचं नाव होतं. मी पुकारलं. कुणी आलं नाही. मागून एक पोरगा ओरडला, "एरडु बरल्ला मिस!" आणि वर्ग हसला.

एरडु येत नाही. शाळेतच येत नव्हती ती. आपण गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

तुमच्या लक्षात आलं नाही, तुम्ही बॅटरी शोधत होतात. मला हसण्यावरून कळलं. ते हसणं मी ओळखते. पण मी बोलले नाही, अक्का. येलवालपर्यंत बोलले नाही, बसमध्ये बोलले नाही. मोठ्या डॉक्टरला मी काय सांगणार, तुमच्यामुळे झालं म्हणून? काम गेलं तर? दवाखान्यात शिरताना शेवटी तोंडातून निघालं, "अक्का, तिला नाव आपण ठेवलं."

तुम्ही आधी चिडलात. आकडा मोठ्यानं सांगितलाच पाहिजे, नाहीतर नोंदी चुकतात, सगळीकडे असंच करतात. मी म्हटलं, मग मराठीत सांगा. तुम्ही म्हणालात, पोरं दुपारपर्यंत मराठी शिकतील आणि तिला 'दोन' म्हणतील. चहा निवला. मी भांडी घासायला लागले, तेवढ्यात मागून म्हणालात, "उद्या बुधवार. पेशंटना फोन कर, येऊ नका म्हण."

तिच्या घरी तिची आई दारातच उभी. पोरगी आत, दाराआड, ओढणी तोंडावर. तुम्ही बसला नाहीत. दाराकडे बघून, त्या तेरा वर्षांच्या पोरीला तुम्ही म्हणालात, "तप्पु नंदु." चूक माझी. आई गडबडली, छे छे डॉक्टर, असं करायला लागली. तुम्ही तिला थांबवलंत. "तिला बोलतेय मी. आकडा मी ओरडले. पोरांची चूक नंतर."

मी तोवर मोठ्या माणसाला लहानाची माफी मागताना बघितलंच नव्हतं. अजूनही दुसऱ्यांदा बघितलेलं नाही.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मानेनंच खुणावलंत. मी हात खाली घेतला आणि माझ्या त्या वेळच्या कानडीत हापशाची गोष्ट सांगितली. दांड्याला मी काय म्हटलं देव जाणे, पण आतून फिस्सकन हसू आलं. ओढणी बाजूला झाली. रक्षिता माझ्या दाताकडे बघत राहिली, मग म्हणाली, "निम्मदू एरडुना?"

तुमचापण दोनच का?

"हो," मी म्हटलं. "एरडु."

"मत्ते, मग तुम्ही का नाही करून घेतला? डॉक्टर तर तुमच्या घरच्याच."

मी घाबरून म्हणून गेले, "आधी तुझा. मग माझा." तिनं हात पुढे केला, शपथेसाठी. मी हातावर हात ठेवला. तुम्ही ते बघितलंत, अक्का. आज सांगते, तेव्हा तुमची नजर चुकवून मी चपला शोधायला लागले.

तिचा दात तुम्ही दुसऱ्या दिवशी केलात. खुर्चीतून उठवून तिला रस्त्यावरच्या उजेडात नेलंत आणि दातांच्या रंगांचे नमुने लावलेली ती पट्टी काढून एकेक नमुना दाताला लावून बघितलात. रिक्षावाले बघायला थांबले. "रंगाऱ्याची नात आहे मी," तुम्ही त्यांना सांगत होतात, "आजोबांची बोटं जन्मभर निळी होती. दाताचा रंग मला चुकेल काय?" नाहीच चुकला. कुठे दात संपला आणि कुठे तुमचं काम सुरू झालं, ते मला शोधून सापडलं नाही.

तरी ती शाळेत गेली नाही. दात भरला, नाव राहिलं होतं.

मग तुम्ही जे केलंत ते मी शंभर जणांना सांगितलं असेल. तुम्ही त्या शाळेत पुन्हा गेलात आणि हेडमास्तरांना म्हणालात, पोरं झाली, आता मास्तर लोक. सगळ्या पोरांसमोर, मैदानात, खुर्ची टाकून. बिचाऱ्यांना नाही म्हणता येईना. आणि तुम्ही त्या दिवशी मुद्दाम, खणखणीत आवाजात आकडे म्हणालात. गणिताच्या बाई, सोन्ने सोन्ने सोन्ने सोन्ने. खेळाचे सर, ओंदु, म्हणजे एक, कबड्डीत उडालेला टवका. स्वयंपाकाच्या अम्मा, एरडु. पोरं कुजबुजली. शेवटी हेडमास्तर बसले. तुम्ही त्यांची झुपकेदार मिशी बोटानं वर केलीत आणि म्हणालात, "एरडु. मत्ते बाजूचाही एरडु."

मैदान फुटलं नुसतं. हेडमास्तर आधी लाल झाले, मग स्वतःच उभे राहून त्यांनी सांगितलं, सोड्याच्या बाटलीचं झाकण दातानं काढत होतो, कॉलेजात असताना. मुलींना दाखवायला.

त्या दिवसापासून शाळेत एरडु म्हणजे हेडमास्तर. नाव रक्षिताकडून सुटलं ते सुटलंच. पुढच्या सोमवारी ती शाळेत आली, हे त्यांनीच फोन करून कळवलं. तुम्ही फोन ठेवलात आणि मला म्हणालात, "बघ, मोजलं की असं होतं."

तिथून आपण आकडे म्हणणं बंद केलं. तुम्ही मला महिनाभर शिकवलंत, दवाखान्यातल्या प्लास्टरच्या दातांवर, मग पेशंटच्या. टवका कसा दिसतो, पिवळं कसं दिसतं, झिजलेला आणि फुटलेला यांत फरक काय. मग शाळेत पोराच्या तोंडात आधी तुम्ही बघायचं, मग मी बघायचं, दोघींनी आपापल्या कागदावर गुपचूप लिहायचं आणि चहाच्या वेळी ताडून बघायचं. मी म्हटलं, अक्का, मी सातवी. तुम्ही म्हणालात, "सातवीचे डोळे वेगळे असतात काय?" पहिल्या दिवशी सगळ्या फॉर्मांत एकाच दातावर आपलं जमलं नाही. परत जाऊन बघितलं. माझं बरोबर निघालं. तुम्ही ते बसमधल्या कंडक्टरलासुद्धा सांगितलंत.

आता जे सांगायचं राहिलं ते.

दर बुधवारी तुम्ही पुढच्या सोमवारचं पान भरायचात. पेशंटची नावं संपली की सगळ्यात खाली पेन्सिलीनं लिहायचात, 'सुरेखा, ए-थ्री.' ए-थ्री हा माझ्या दाताचा रंग. मला कधी उजेडात नेलं नाहीत, पट्टी लावली नाहीत. कपडे वाळत घालताना बघून ठेवला असणार. मी सोमवारी सकाळी आले की ते नाव खोडायचे आणि पुढे लिहायचे, 'राहू दे.' दोन वर्षं. एकदाही तुम्ही म्हणाला नाहीत की पोरीला शब्द दिलास त्याचं काय. नुसतं पुन्हा लिहायचात.

मी कारणं सांगितली. इंजेक्शनची भीती. मग म्हटलं, माझा दात बघून शाळेतली पोरं तोंड उघडतात, उपयोगी पडतो, असू दे. त्यावर तुम्ही खरंच रागावलात. "दुसऱ्यांसाठी आपलं तोंड फुटकं ठेवायची गरज नाही. घाबरतेस, ते नीट घाबर." मग मीही उलटून बोलले. म्हटलं, तुमच्या मोजणीत शाळेतली पोरं आहेत. ज्यांनी या दातापायी शाळाच सोडली, ती कुठे आहेत? ती तुमच्या रांगेत कशी येणार? तुम्ही म्हणालात, मोजणीला चौकट लागते. मी म्हटलं, मग मी चौकटीबाहेर. दोन दिवस आपण कामापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी चहाचा कप हातात देताना तुम्ही म्हणालात, "पुढच्या वर्षी घरोघर जाऊ. तुझं बरोबर आहे." पण माझं पूर्ण बरोबर नव्हतं, अक्का. खरं कारण तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते. मला भीती होती की दात धड झाला आणि तरीही हात तोंडावर जातच राहिला, तर? मग शाळा सोडल्याचा दोष कुणावर टाकू? वीस वर्षं तो त्या अर्ध्या दातानं उचलला होता.

तुम्ही म्हणाला असतात, सुम्ने, उगाच काहीतरी. पण ऐकून घेतलं असतंत.

गुरुवारी दुपारी रक्षिता आली, आईबरोबर, बसनं, गणवेशातच. आता नववीत आहे. तुमच्या पायाशी बसली, उठली आणि स्वयंपाकघरात मला शोधत आली. मी हात तोंडावर धरून उभी. ती रडत होती, तरी तिनं माझा हात धरून बाजूला केला. बघितलं.

"इन्नू माडसिल्वा, अक्का?"

अजून करून घेतला नाहीत?

हंड्यावर झाकण होतं ते काढलं, पुन्हा ठेवलं.

आज सोमवार. दवाखाना अश्विनी डॉक्टरांनी उघडला. पेशंटना फोन करून नावं खोडायचं काम माझं. सगळी खोडली, आणि खाली तुमचं अक्षर. बुधवारी संध्याकाळी लिहिलेलं. 'सुरेखा, ए-थ्री.' खोडरबर हातात होतं.

"पुढच्या आठवड्यात बघू या का सुरेखाताई?" अश्विनी डॉक्टरांनी विचारलं. त्या पुण्याच्या, माझ्यासारख्याच नवऱ्यामागे आलेल्या, सगळं हळू विचारतात.

मी म्हटलं, "आधी मोजणीचा एक फॉर्म द्या."

नाव लिहिलं. वय लिहिलं, चौतीस. शाळेच्या रकान्यात गावाचं नाव, आणि इयत्तेत सातवी.

"हा मोजणीत धरता नाही येणार हो."

"माहीत आहे. वेगळा ठेवा. पुढच्या वर्षी घरोघर जायचंय, त्यातला पहिला समजा."

रंगाची पट्टी घेऊन त्या मला दारात उजेडाला घेऊन गेल्या. पाच-सहा रंग लावून बघितले, मग म्हणाल्या, ए-थ्रीच. मी म्हटलं, त्यांना नाही चुकायचा.

रक्षिताला फोन करावा वाटलं. केला नाही. सोमवारची दुपार, ती वर्गात असणार.

मी खुर्चीत बसले. अश्विनी डॉक्टरांनी माझा ओठ वर केला, बघितलं, आणि आपल्या नियमाप्रमाणे गुपचूप स्वतःच्या कागदावर लिहायला लागल्या.

"मोठ्यानं सांगा," मी म्हटलं. "आणि कानडीत."

त्या गोंधळल्या. बोटांवर मोजून, अडखळत म्हणाल्या, "सोन्ने... सोन्ने... एरडु... सोन्ने."

मी परत म्हटलं, बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं, आणि लिहिलं. एका हातात पेन होतं, दुसऱ्या हातात फॉर्मची पाटी. तोंडावर ठेवायला हात उरला नव्हता, अक्का.